किमतीचा रकाना

"शून्य चालत नाही, आजी," खिडकीतून फॉर्म बाहेर सरकवत रकानेसाहेब म्हणाले.

"अहो, पण माझ्या हातची आहे. लोकरसुद्धा जुना स्वेटर उसवून काढलेली. नातवाच्या टोपीला कसली आलीय किंमत?"

"रकाना रिकामा ठेवता येत नाही आणि शून्यही लिहिता येत नाही. भेट असली तरी किंमत लागते. बाजारात या टोपीचे जे येतील ते लिहा."

"बाजारात ही घेणार कोण? कानापाशी चुकलीय बघा."

रांगेतले दोघं-तिघं हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी दोरीला बांधलेलं पेन पुढे केलं आणि आजी काहीतरी आकडा लिहीपर्यंत वजनकाट्याकडे बघत बसले. तिने लिहिलेला आकडा त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि मग शिक्का मारला.

रकाने हे त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं परदेशी पार्सलांच्या चार नंबरच्या खिडकीवर बसून, येणाऱ्या प्रत्येकाला 'हा रकाना राहिला' असं ऐकवल्यामुळे टपाल कचेरीने त्यांना बहाल केलेली ती पदवी होती. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. माणूस नाकासमोर चालणारा. कुणाचं वाईट चिंतणार नाही, पण तुमच्या फॉर्मवर 'खेळणी' एवढंच लिहिलं असेल, तर कसली, किती, लाकडाची की पत्र्याची, हे वदवून घेतल्याशिवाय सोडणारही नाही. लोक किंमत कमी टाकतात, म्हणजे पलीकडे घेणाऱ्याला कस्टम ड्युटी बसत नाही, हे त्यांना पाठ होतं. त्यासाठी लोक कसा चेहरा करतात, तेही पाठ होतं. असा चेहरा दिसला की ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "खरी किंमत?" आणि भलेभले पाघळायचे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मात्र साहेबांनी खिडकीवर 'बंद'ची पाटी लावली, कपाटामागून एक भलंथोरलं खोकं काढलं आणि दारातून वळसा घालून ते शेजारच्या खिडकीसमोर गिऱ्हाइकासारखे उभे राहिले. स्वतःचं पार्सल स्वतः नोंदवायचं नाही, असा नियम होता. तो मोडला असता तर कुणी बघायलाही आलं नसतं.

"काय हे साहेब, फ्रीज पाठवताय की काय?" पलीकडून बचतवाली मॅडम म्हणाली. बचत खात्यांची खिडकी तिची. साहेब नसले की पार्सलंही तिच्याकडेच. बारा वर्षं शेजारी बसून ती साहेबांची चेष्टा करायचा हक्क कमावून बसली होती.

"स्टेशन आहे," साहेब म्हणाले.

स्टेशनच होतं ते. काड्यापेटीच्या काड्या, चहाच्या खोक्यांची फळकुटं आणि पुठ्ठा यांचं, दीड हात लांबीचं रेल्वे स्टेशन. छपरावर नखाएवढी चारशे सतरा कौलं, एकेक कापून चिकटवलेली. उघडमिट करणारी दारं. तिकिटाच्या खिडकीवर मुंगीएवढा चारचा आकडा. या स्टेशनात साहेबांची दोन वर्षं गेली होती आणि डाव्या डोळ्याचा नंबर वाढला होता.

हा नाद त्यांना लागला तो एका परत चाललेल्या पार्सलापायी. एकोणीस वर्षांपूर्वी बाहेरदेशाहून आलेलं एक पार्सल, घेणारा पत्त्यावर नाही म्हणून परत जायला निघालं होतं आणि खोकं फाटलं होतं. आत टाचणीएवढ्या दांड्याचा एक रेल्वे सिग्नल होता. दांडा मोडलेला. नियमाप्रमाणे फक्त खोकं पुन्हा बांधायचं होतं. साहेबांनी तो सिग्नल तळहातावर घेतला, आणि का कुणास ठाऊक, कचेरीतल्या डिंकाने दांडा जोडून मगच पार्सल बांधलं. आयुष्यात नियमाच्या बाहेर त्यांनी टाकलेलं तेवढंच पाऊल. दोन महिन्यांनी पत्र आलं. पत्त्यात नाव नव्हतं, 'परदेशी पार्सलं, खिडकी क्रमांक चार' एवढंच होतं. ज्याने कुणी माझा सिग्नल जोडला, त्याचा मी आभारी आहे, अशी सुरुवात होती.

लिहिणारा रेल्वेतून निवृत्त झालेला सिग्नलवाला होता. एका थंड देशात, आपल्या गॅरेजात, टेबलावर त्याने आख्खी रेल्वे मांडली होती. दोघांनाही धड न येणाऱ्या तिसऱ्याच एका भाषेत, शब्दकोश उशाला घेऊन, पत्रं सुरू झाली. मग साहेबांनी एक बाक करून पाठवला. मग पाण्याची टाकी, मग केबिन, मग पुलाचा कठडा. सगळं लहानसं, किंमत खरी लिहूनही ड्युटी-माफीच्या मर्यादेत बसणारं. उलट टपालाने फोटो यायचा: टेबलावर साहेबांचा बाक, शेजारून गाडी चाललेली. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. आवाजही ऐकला नाही. साहेबांच्या बायकोला याचं भारी नवल वाटायचं. "तुमच्या त्या सिग्नलवाल्याला इकडची खडानखडा माहिती," ती म्हणायची, "आणि तुमच्या मेव्हण्याला तुम्ही दोन ओळी लिहीत नाही!"

गेल्या पत्रातलं अक्षर मात्र वाकडं आलं होतं. हात चालत नाहीत, सिग्नलवाल्याने लिहिलं होतं, डॉक्टर हिवाळ्यापर्यंत म्हणतात. टेबलावर मधली जागा मी तुझ्या स्टेशनसाठी ठेवली आहे. गाड्या तिथे थांबवतो, पण उतरायला काही नाही. जमलं तर लवकर पाठव, मला ते बघायचं आहे.

ते पत्र वाचल्यापासून साहेबांचा जीव थाऱ्यावर नव्हता. राहिलेली कौलं त्यांनी तीन आठवड्यांत लावली. फलाटावरची नावाची पाटी तेवढी कोरी सोडली.

"हा रकाना राहिला की तुमचा," बायको हसून म्हणाली होती.

"नाव त्याने घालायचं. स्टेशन त्याच्या गावचं आहे."

आता मॅडमने फॉर्म पुढे ओढला. वस्तू, वजन, देश, सगळं ठाकठीक भरलेलं. किमतीशी येऊन तिचं बोट थांबलं.

"साहेब, हे काय?"

"किंमत."

"ते दिसलं हो मला. पण एवढी? मर्यादेच्या नऊपट होतेय. त्या बिचाऱ्याला ड्युटी बसेल, वर कर, वर टपालवाल्यांचा आकार. भेट आहे ना? थोडी कमी टाका. सगळे टाकतात."

"सगळे टाकतात म्हणून मी टाकू?"

"काड्यापेटीच्या काड्याच तर आहेत, साहेब."

ती सहज बोलली होती. पण साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. छंदाचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने हे स्टेशन अर्धवट असतानाच मागितलं होतं आणि तोंडाने एक आकडा सांगितला होता. साहेब नाही म्हणून घरी आले होते, पण आकडा बरोबर घेऊन आले होते. एकतीस वर्षं ते लोकांच्या वस्तूंची किंमत विचारत होते. खुद्द त्यांच्या हातच्या वस्तूला कुणी किंमत सांगितली ती पहिल्यांदाच. बाजारात जे येतील ते, हा नियमच होता. आणि नियमाच्या आडोशाला थोडा ताठाही होता, हे त्यांना त्या वेळी कळलं नाही असंही नाही.

"खरी किंमत तीच आहे," ते म्हणाले. "त्याला कळेल. ड्युटी बसणार हे मी त्याला पत्राने कळवतोय. पैसे मी मागाहून पाठवीन."

"तुम्ही आणि तुमची खरी किंमत!" मॅडमने शिक्का मारला.

पत्र त्यांनी त्याच दिवशी साध्या टपालाने टाकलं. साध्या टपालावर त्यांचा विश्वास होता.

पार्सल विमानाने गेलं आणि नवव्या दिवशी पोचलं. कचेरीच्या संगणकावर साहेब रोज सकाळी नंबर घालून बघायचे. दहाव्या दिवशी ओळ आली: ड्युटी बाकी, घेणाऱ्यास कळवले. साहेबांना बरंच वाटलं. म्हणजे कस्टमवाल्यांनी किंमत मान्य केली. अकराव्या दिवशी तीच ओळ. पंधराव्या दिवशी तीच.

"फोन करा ना," बायको म्हणाली.

"नंबर नाही."

"एकोणीस वर्षांत नंबर नाही घेतला?"

"लागलाच नाही कधी."

तिने डोक्याला हात लावला. मग साहेबांनी जलद टपालाने दुसरं पत्र पाठवलं: ड्युटीची काळजी करू नकोस, कुणाकडून तरी भरून घे, सगळी रक्कम मी देतो. त्या दिवशी खिडकीवर त्यांनी एका गिऱ्हाइकाला चुकीचा देश लिहून दिला आणि मॅडमने तो गुपचूप दुरुस्त केला.

एकविसाव्या दिवशी ओळ बदलली. शुल्क न भरल्याने परत.

साहेबांनी नंबर पुन्हा घातला, पुन्हा तीच ओळ आली. रांग वाढत होती. मॅडमने मान वाकडी करून त्यांच्या पडद्यावरचं वाचलं. 'मी म्हटलं होतं' असं ती एकदाही म्हणाली नाही. ती तसं म्हणाली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं.

परतीचं पार्सल बोटीने येतं. दीड महिन्याने एका दुपारी ते ढकलगाडीवरून आलं आणि नियमाप्रमाणे चार नंबरच्या खिडकीच्या आतल्या बाजूला ठेवलं गेलं. चिकटपट्टी तशीच, दोरीची गाठ तशीच. वर साहेबांच्याच अक्षरातला फॉर्म आणि त्यावर लाल कागद. परत आलेल्या पार्सलांची वही साहेबांकडेच असायची. त्यांनी तारीख लिहिली. नंबर लिहिला. पाठवणाऱ्याचं नाव लिहिलं, पूर्ण, खरं आडनाव धरून. 'परतीचे कारण' या रकान्यापाशी पेन अडलं.

"आणा इकडे, मी लिहिते," मॅडम म्हणाली.

"नको. माझं काम आहे."

घरी बायकोने खोकं उघडू का, असं विचारलं. ते नको म्हणाले. खोकं कपाटावर चढलं. "चिडला असेल, म्हणून घेतलं नाही," रात्रीच्या जेवणाला साहेब म्हणाले, "मी त्याला खर्चात पाडलं." बायको म्हणाली, "असं काही नसेल हो." पण काय असेल, ते तिलाही सुचेना.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी एक पाकीट आलं. लहानसं, फुगीर. पत्ता ओळखीचा, अक्षर अनोळखी. साहेबांनी ते दुसऱ्या कुणाच्याही पाकिटासारखं आधी तोललं, मग त्यावरचा कस्टमचा फॉर्म वाचला. वस्तू: रेल्वे सिग्नल, लाकडी, जुना, दांडा जोडलेला. किमतीच्या रकान्यात आधी शून्य लिहून खोडलं होतं. शेजारी लिहिलं होतं: एक.

पत्र सिग्नलवाल्याच्या मुलीचं होतं. साहेबांनी ते खिडकीवरच उभ्याने वाचलं.

तिने लिहिलं होतं, की बाबा गेल्याला दीड महिना झाला. दवाखान्यात हलवलं तेव्हा तीही तिथेच राहायची, अधूनमधून घरी येऊन दाराखालचं टपाल गोळा करून ठेवायची. त्यात एक कार्ड होतं. परदेशातून आलेल्या पार्सलासाठी एवढे एवढे भरा, असं. तसली फसवी कार्डं हल्ली रोज येतात. रक्कम इतकी मोठी होती की मला ती खरी वाटलीच नाही, मी कार्ड फाडून टाकलं. बाबा रोज विचारायचे, पार्सल आलं का. मी रोज नाही म्हणायचे. एकदा मी म्हटलं, विसरला असेल तुमचा मित्र. तर म्हणाले, तो विसरणारा माणूस नाही. तुमची दोन्ही पत्रं मी नंतर उघडली. काय झालं ते तेव्हा कळलं. मला माफ करा. घर विकायला काढलं आहे, टेबल या आठवड्यात मोडावं लागेल, म्हणून स्टेशन पुन्हा पाठवू नका. सिग्नल तेवढा तुमचा आहे असं मला वाटतं. तुम्हाला काही भरावं लागू नये म्हणून किंमत एक लिहिली आहे. वाईट वाटून घेऊ नका.

साहेबांनी पत्राची घडी घातली. पुन्हा उघडली आणि शेवटच्या दोन ओळी वाचल्या.

"काय झालं?" मॅडमने विचारलं.

"गेले," साहेब म्हणाले. आणि मग, मॅडमने बारा वर्षांत पाहिलं नव्हतं असं, चार नंबरच्या खिडकीवर बसून ते रडले. आवाज न करता, चष्मा हातात धरून. रांगेतल्या माणसांनी दुसरीकडे बघितलं. मॅडमने मधून हात घालून त्यांच्या खिडकीवर 'बंद'ची पाटी लावली.

"मी तुमचं ऐकायला हवं होतं," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"तुम्ही खरं तेच लिहिलंत, साहेब."

"मी लिहिलं ते खरं होतं. पण त्याच्यासाठी नाही लिहिलं मी ते. माझ्यासाठी लिहिलं." त्यांनी चष्मा पुसला. "त्याला नुसतं बघायचं होतं हो."

मॅडमने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

संध्याकाळी साहेबांनी स्टूल घेऊन खोकं खाली काढलं. बांधणी अशी चोख होती की सोडायलाच अर्धा तास लागला. आत एक कौलसुद्धा हललं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर त्यांनी स्टेशन मांडलं आणि फलाटाच्या टोकाला तो सिग्नल उभा केला. एकोणीस वर्षांपूर्वीचा कचेरीचा डिंक पिवळा पडला होता, पण दांडा सरळ होता. त्या माणसाने जोड लपवायला वर रंगही दिला नव्हता.

बायको येऊन शेजारी बसली. तिने बोटाने दार उघडून पाहिलं, मिटलं. मग कोऱ्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, "आता तुम्हीच घाला ना काहीतरी नाव. त्यांचं घाला."

साहेबांनी बारीक कुंचला घेतलासुद्धा. काळ्या रंगात बुडवला, पाटीजवळ नेला. मग तो पुसून डबीत ठेवून दिला.

"राहू दे," ते म्हणाले. "ते त्याचं काम होतं."

दुसऱ्या दिवशी चार नंबरच्या खिडकीवर नेहमीसारखी रांग होती. चौथ्या नंबरला टोपीवाल्या आजी आल्या. या वेळी हातात पायमोजे होते, पिवळे, लहानसे.

"टोपी पोचली बरं का," आजी म्हणाल्या. "कानाला घट्ट झाली म्हणे, पण घालतो. फोटो पाठवलाय सुनेने. दाखवू?"

"दाखवा," साहेब म्हणाले.

त्यांनी फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मागच्यांची चुळबुळ सुरू झाली तेव्हा परत दिला.

"या वेळी किंमत काय लिहू? आधीच विचारते बाई, मागच्या खेपेला रागावला होतात."

साहेबांनी दोरीचं पेन पुढे केलं. "तुम्हाला वाटेल ती लिहा."

आजींनी चष्म्यातून त्यांच्याकडे एकदा रोखून पाहिलं, आणि खाली वाकून काहीतरी लिहिलं. शेजारच्या खिडकीवर मॅडमचं नोटा मोजणं थांबलं होतं. फॉर्म आत आला. साहेबांनी मोजे तोलले, वजन लिहिलं, आणि किमतीचा रकाना न वाचता शिक्का मारला.